मदत हवी आहे: बाबांची हाय-रिस्क अँजिओप्लास्टी, इम्पेला की बलून पंप?

नमस्कार मंडळी, बाबा ७२ वर्षांचे, जुना डायबेटिस, अँजिओग्राफीत लेफ्ट मेनसकट (हार्टची डावीकडची मुख्य नस) तिन्ही नसांत ब्लॉकेज निघालेत, कॅल्शियम पण खूप साठलंय आणि इकोत ईएफ (हार्टची रक्त बाहेर ढकलण्याची ताकद) जेमतेम २५ टक्के. किडनी आणि फुप्फुसं कमजोर म्हणून सर्जननी बायपासला नाही सांगितलं. आता कार्डिऑलॉजिस्ट म्हणतात अँजिओप्लास्टी करू पण इम्पेला (हार्टला आधार देणारा छोटा पंप) लावून, कारण कॅल्शियम ड्रिल करताना, बलून फुगवताना रक्त थोडा वेळ जरी अडलं तरी एवढ्या थकलेल्या हार्टला ते झेपायचं नाही, बीपी एकदम कोसळू शकतं.

मला समजलं ते असं की इम्पेलात जांघेतल्या धमनीतून छोटा पंप थेट डाव्या कप्प्यात नेतात आणि तो तिथलं रक्त खेचून महाधमनीत सोडतो, मिनिटाला साधारण साडेतीन लिटर. बलून पंप महाधमनीत हेलियमवर फुगतो-मिटतो, त्याने हार्टवरचा भार कमी होतो पण आधार बराच कमी मिळतो. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैसे कसेही उभे करू हो, पण फायदा नक्की किती? प्रोटेक्ट-२ हा २०१२ चा अभ्यास वाचला, त्यात ३० दिवसांनी इम्पेला आणि बलून पंप दोन्हींत ठळक फरक दिसला नव्हता, अर्थात तेव्हा इम्पेलाचं लहान मॉडेल होतं. २०२४ च्या डेंजर शॉक या अभ्यासात इम्पेलाने मृत्यू कमी झाले, पण ते पेशंट मोठा अटॅक येऊन, बीपी कोसळून शॉकमध्ये गेलेले, आणि त्यांच्यातही ब्लीडिंग आणि पायाचा रक्तपुरवठा अडण्याचे प्रकार जास्त झाले. बाबा तर अजून घरात चालतायत-बोलतायत, त्यांना तो निकाल सरळ लावता येणार नाही असं मला वाटतं.

खरी भीती पायाची आहे. थोडं चाललं की त्यांच्या पोटऱ्या दुखतात आणि इम्पेलाची नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा जाड. पायांचा सीटी अँजिओ करावा तर पुन्हा डाय (नसा दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध), किडनीचं काय? नुसत्या डॉपलरवर (पायाच्या नसांची सोनोग्राफी) भागतं का?

कुणाच्या घरी असं झालंय का, किंवा इथे कुणी कॅथलॅबमधले असतील तर प्लीज सांगा. डॉक्टरांना हे सगळं विचारलं तर त्यांना राग येईल असं आई म्हणते, पण मी विचारणारच आहे, ते इम्पेलाच्या किती केस करतात हेसुद्धा. आम्ही सांगलीचे, प्रोसिजर पुण्याला ठरतेय, तर सेकंड ओपिनियनला फक्त सीडी आणि रिपोर्ट पाठवून चालतं की बाबांना न्यावंच लागेल? आणि मेडिक्लेममध्ये पंपाचा खर्च कॅशलेस कुणाला मिळालाय का, टीपीएवाले (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) अजून धड उत्तर देत नाहीयेत.