गिधाडं मोबाइल टॉवरने गेली नाहीत

माळरान: काल इथे एकाने लिहिलं, 'गिधाडं टॉवरच्या लहरींनी गेली.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. गावोगाव टॉवर उभे राहायच्या आधीच ती मरायला लागली होती. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं: डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. जनावराला दुखण्यावर इंजेक्शन द्यायचं, ते दोन दिवसांत मेलं की गिधाडं खाणार आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडणार. शंभरातल्या एकाहून कमी ढोरांत औषध असलं तरी पुरे, एका ढोरावर अख्खा थवा उतरतो. आमच्या आंब्यावर मान लोंबकळत बसलेलं गिधाड मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी ते खाली पडलेलं होतं. पोटात काळीज-मूत्रपिंडावर चुन्यासारखा पांढरा थर.

बांधावरून: म्हणजे पुन्हा शेतकरीच गुन्हेगार! माझी म्हैस रात्रभर कण्हत होती. डॉक्टरांनी सुई दिली, सकाळी उठली. त्या वेळी गिधाडं आठवतील का कुणाला?

माळरान: तुम्हाला कोण दोष देतंय? २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. त्या बाटल्यांवर ३ मिलीची मर्यादा यायला २०१५ उजाडलं. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचंच औषध गिधाडांना चालतं, तेच मागा.

पायवाट: गिधाडं गेली आणि ढोरं टाकायच्या जागेवर कुत्री माजली. माझ्या पुतण्याची पोटरी फाडली. तालुक्याला लस नव्हती, जिल्ह्याला पळालो. कुत्र्यांवर बोला आधी!

चारपाय: नसबंदी करा ना. मारायची भाषा इथे नको.

पायवाट: मारा म्हटलंय कुठे? पोराला टाके पडताना तुम्ही नव्हता तिथे.

चारपाय: माझ्या कुत्रीला कुणीतरी विष घातलं, ते मीही पाहिलंय. तडफडून गेली.

माळरान: अहो, त्याच विषाच्या मढ्यावर गिधाडंही मरतात. कुत्री वाढली तीही गिधाडं गेल्यावरच. विषयावर या.

बांधावरून: बरं, टॉवरचं सोडतो. पण एक औषध बंद झालं की दुकानदार दुसरं पुढे करतो. केटोप्रोफेनवर बंदी २०२३ मध्ये आली, तोवर आम्ही तेच टोचत होतो. हे आम्हाला गोठ्यात येऊन कुणी सांगितलं? मेलॉक्सिकॅमचं नाव आज लिहून ठेवलंय. डॉक्टर आले की विचारतो.