२०१८ची तमिळ गाणी 'मेली' म्हणे!

टिपकागद
परवा इथे एका चाहत्याने २०१८च्या तमिळ सिनेमाकडे मागे वळून पाहिलं. यादी ठीक होती: ९६, परियेरुम पेरुमाळ, राट्चसन, वड चेन्नै, काला. त्यावर भांडण नाही. पण शेवटी साहेबांनी ठोकून दिलं, की वर्ष सिनेमाचं होतं, संगीत मात्र मेलं. राजासारनंतर, म्हणजे संगीतकार इळयराजांनंतर, तिथे नुसता दणदणाट. माझा चहा गार झाला हो ते वाचून. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

त्या एका वर्षात संगीतकार संतोष नारायणनने काला, परियेरुम पेरुमाळ आणि वड चेन्नै केले. परियेरुम पेरुमाळमधलं 'करुप्पी' ऐकलंय? सिनेमा सुरू होतो न होतो तोच रुळावर बांधून मारलेल्या कुत्रीसाठी रडगाणं. रडगाणं हा शब्द शिवी म्हणून वापरत नाहीये, मयताच्या दारात बायका गातात ते. ९६मध्ये संगीतकार गोविंद वसंताचं व्हायोलिन. संगीतकार युवन शंकर राजाने स्वतः निर्माता होऊन 'प्यार प्रेमा कादल' काढला, तर कॉलेजातली पोरं वर्षभर तेच गुणगुणत होती. गाणी मेलेली नाहीत. पूर्वी ती नायकाला घेऊन स्वित्झर्लंडला जायची, आता कथेतच मुक्काम ठोकतात, इतकंच. ते ऐकायला सिनेमा बघावा लागतो, स्वयंपाक करता करता जमत नाही.

जुनी_कॅसेट
तो लेख माझाच. आभार. आता एक सांगा, ९६चा कळस कोणता? रामच्या घरातली वीज जाते आणि अंधारात जानू गाते. काय गाते? 'यमुनै आट्रिले'. दळपतीतलं, १९९१चं. संगीत कुणाचं? नायिकेचं नाव गायिका एस. जानकींवरून, शाळेत तिच्या तोंडी राजासारची गाणी. २०१८च्या सगळ्यात गाजलेल्या प्रेमकथेला रडवायला सत्तावीस वर्षं जुनं गाणं लागलं. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत.
आणि राजासारचं संगीत असलेला मेर्कु तोडर्च्चि मलै त्याच ऑगस्टमध्ये आला. तुमच्या धाग्यात त्याचा पत्ता नाही.

टिपकागद
तुमच्याही यादीत नव्हता. शिवाय राजासार २०१८त जर उत्तम काम करत होते, तर संगीत मेलं कधी? काहीतरी एक ठरवा.
राहिलं यमुनै. गाणं राजासारचं, एकशे एक टक्के मान्य. पण सिनेमाभर ते *न गाणं* कुणाचं आहे? राम शाळेपासून मागतोय आणि ही टाळतेय. ती टाळाटाळ गोविंदच्या संगीताने भरून काढलीय, म्हणून शेवटी साथीला एक वाद्य नसताना गायिका चिन्मयीचा नुसता आवाज अंगावर येतो.

ओएमआरवासी
चेन्नईत अकरा वर्षं काढलेली बाई बोलतेय, म्हणून दोन गोष्टी. तुम्ही दोघंही पुण्यात बसून वर्ष मोजताय. मार्च आणि एप्रिलचे जवळजवळ तीन आठवडे इथे नवा सिनेमाच लागला नाही. डिजिटल प्रक्षेपणाच्या शुल्कावरून निर्मात्यांचा बंद होता. मग सप्टेंबरअखेरीपासून अशी रांग लागली की परियेरुम पेरुमाळला पुरेसा श्वास घ्यायला मिळेना, आणि चार ऑक्टोबरला आलेला ९६ दिवाळीला टीव्हीवर! जानू झालेल्या त्रिशाने जाहीर विनंती केली, पोंगलपर्यंत थांबा. कोण ऐकतंय.
दुसरं, चिन्मयी. जानूचं गाणंही तिचं आणि जानूचं बोलणंही तिचं. त्याच ऑक्टोबरमध्ये तिने एका बड्या गीतकारावर लैंगिक छळाचे जाहीर आरोप केले आणि नोव्हेंबरमध्ये डबिंगवाल्यांच्या संघटनेने वर्गणी थकल्याचं कारण देऊन तिचं सदस्यत्व काढलं. मला विचाराल तर वर्षभराचा आढावा इथेच संपतो. व्हायोलिन वगैरे नंतर.

माटुंगा_पूर्व
काला यादीत आलाच कसा, यावर कोणी बोलणार आहे का? मुंबईवर सिनेमा काढायचा आणि मराठी माणूस एकतर हवालदार, नाहीतर धुणीभांडी करणारी बाई. इथे बढती मिळाली, तर थेट खलनायक! हरिदादा अभ्यंकर! आमची जमीन, आमचं शहर, आणि आम्हीच राक्षस. नानाने हे स्वीकारलं याचंच वाईट वाटतं. धारावीसुद्धा खरी नाही, बरीचशी चेन्नईत सेट लावून उभी केलेली.

चुलत_गायकवाड
कालाचे नायक थलैवा रजनीकांत मूळचे आपले शिवाजीराव गायकवाड, हे विसरू नये _/\_

ओएमआरवासी
आलात? दर धाग्यावर येता. मी इथे ऑफिसात हे एकदा अभिमानाने सांगितलं, तर शेजारचा म्हणाला, ते बंगळुरात कंडक्टर होते तेव्हा तुमच्यापैकी कोणी तिकीट तरी काढलं होतं का?

नव्वदफुटी
माटुंगा_पूर्व, मी रुळांच्या पलीकडचा. धारावीच्या लेबर कॅम्पात जन्मलो, अण्णाभाऊंच्या लेबर कॅम्पात. आमची भिंत आणि तिरुनेलवेलीच्या अम्माची भिंत एकच. पहाटे तिच्याकडे इडलीच्या पिठाची घरघर सुरू झाली की आई म्हणायची, ऊठ, चार वाजले. घड्याळ नव्हतं आमच्याकडे. तिची पोरं डोक्यावर भांडी घेऊन तुमच्या माटुंग्यात विकायला यायची. तुम्ही खाल्ली असणार.
काला बघायला वडिलांना घेऊन गेलो. तमिळचा एक शब्द कळत नाही त्यांना. पडद्यावर जीप आली, नंबरप्लेटवर बीआर १९५६. म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला. बीआर कोण ते त्यांना सांगायची गरज नव्हती, ५६ तर नाहीच नाही. मागून ओरडले, बसा की आजोबा! नाही बसले. आजवर मराठी सिनेमाने त्यांना असं उभं केलेलं नाही.
धारावी सेटवरची, खरंय. पण त्यातल्या 'सेम्म वेइट्टु' गाण्यात रॅप करणारी डोपअडेलिक्झची पोरं आमच्या गल्लीतलीच.

माटुंगा_पूर्व
वडिलांबद्दल आदर आहे. पण भावनेने मुद्दा खोटा होत नाही. मराठी म्हणजे खलनायक, हे खरं की नाही?

नव्वदफुटी
खोटं. सिनेमात मराठी म्हणजे चारुमती गायकवाडही आहे. नाशिकच्या अंजली पाटीलने केलीय. पोलीस तिचे कपडे काढतात, तेव्हा ती कपड्याकडे न जाता लोखंडी कांब उचलते. ती तुम्हाला दिसली नाही, अभ्यंकर बरोबर दिसला. का बरं?

माटुंगा_पूर्व
जातीवर घसरायचं काम नाही! संपादकांनी लक्ष घालावं.

नव्वदफुटी
मी फक्त आडनाव वाचलं. सिनेमातलं. आणि साठच्या दशकात 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' या शहरातच घुमलं. अम्माच्या नवऱ्याचं दुकान तेव्हा फुटलं. ती हे हसत सांगायची, ते मला अजून जमत नाही.

टिपकागद
मंडळी, गाणी. विषय गाण्यांचा होता.

ओएमआरवासी
गाण्यांचं मरू दे. नव्वदफुटी, तुमचं सगळं मान्य, पण रजनीला फुकट सोडू नका. २२ मेला तुतिकोरिनमध्ये तांब्याच्या कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार झाला, १३ माणसं गेली. हा तिथे जाऊन म्हणाला, मोर्चात समाजकंटक घुसले होते. ७ जूनला पडद्यावर हाच जमिनीसाठी लोकांना रस्त्यावर उतरवतो. माझ्या कामवाल्या बाई तिकडच्याच. त्यांनी त्याचा कॅलेंडरवरचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला होता.

नव्वदफुटी
तो सिनेमा मी दिग्दर्शक पा. रंजितचा मानतो, रजनीचा नाही. पण ते बोलणं लागलं होतं, हे नाकारत नाही.

चुलत_गायकवाड
सर्वांनी दिवे घ्या. 'रावडी बेबी'ला शंभर कोटी व्ह्यूज, त्यावर एकही शब्द नाही??

जुनी_कॅसेट
त्याचा व्हिडिओ जानेवारी २०१९चा. धाग्याचं शीर्षक वाचत जा.

माटुंगा_पूर्व
चारुमतीचा प्रसंग पुन्हा पाहिला. बरा आहे. हरिदादाबद्दलचं माझं मत तेच. आणि हो, इडली खायचो. उधारीवर. बास?

नव्वदफुटी
अम्माच्या वहीत बघावं लागेल.

जुनी_कॅसेट
टिपकागद, काल रात्री सगळे झोपल्यावर 'करुप्पी' ऐकलं. आमचा मोती जाऊन चार वर्षं झाली. दुसऱ्या कडव्याला बंद केलं. याला मी संगीत म्हणणार नाही असं लिहायला बसलो होतो.
राहू दे. तुम्ही मेर्कु तोडर्च्चि मलै पाहिलात का ते सांगा.