संग्रहालय-शिक्षणात पदव्युत्तर अभ्यास करायचा आहे. नागपुरातून तयारी कशी करावी?

पिंपळपान (प्रश्नकर्ती)

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते, इतिहासात एम. ए. आणि बी. एड. झाले आहे. दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांना मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, घेऊन जाते. पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी मुले रेंगाळतात, परंतु शिलालेख आणि मूर्तींच्या दालनातून मात्र भराभर पुढे निघून जातात. या दालनांतही मुलांनी थांबावे, प्रश्न विचारावेत, यासाठी काय करता येते हे मला पद्धतशीरपणे शिकायचे आहे. संग्रहालये आणि कलादालने यांतील शिक्षण हाच मुख्य विषय असलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतात घ्यावा की परदेशात, आणि माझ्यासारख्या शिक्षिकेने त्याआधी कोणती तयारी करावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताम्रपट

तुम्ही प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी संग्रहालयशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली असून सध्या मुंबईत संग्रहालयाच्या शिक्षण विभागात काम करतो.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. आपल्याकडे जे संग्रहालयशास्त्र शिकवले जाते त्यात वस्तूंचा संग्रह, नोंदणी, जतन, मांडणी आणि व्यवस्थापन यांना मोठा वाटा असतो, तर शिक्षण हा त्यातील एक भाग असतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील विभाग १९५२ पासून आहे आणि तो देशातील सर्वांत जुना. कोलकाता विद्यापीठातील विभाग १९५९ चा. दिल्लीत १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता भारतीय वारसा संस्था या नावाने नोएडाला चालते. या ठिकाणी पाया उत्तम तयार होतो. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी विभागाला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : लघुप्रबंधासाठी शिक्षण हा विषय घेता येतो का, आणि इंटर्नशिप संग्रहालयाच्या शिक्षण विभागात करता येते का. या दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर त्याच पदवीतून तुमचे काम होऊ शकेल.

इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात १९६६ पासून संग्रहालय-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संग्रहालये आणि कलादालने यांतील शिक्षण या विषयाचीच एम. ए. पदवी आहे. तुमचा बी. एड. आणि वर्गातील अनुभव तेथे विशेष उपयोगी पडेल, कारण हा अभ्यास शिक्षणशास्त्राच्या बाजूने केला जातो.

तेथे नेमके काय शिकतात, हे एका उदाहरणाने सांगतो. जॉन फॉक आणि लिन डिअर्किंग या अभ्यासकांनी मांडलेल्या विचारानुसार, संग्रहालयात आलेला माणूस काय शिकतो हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : तो स्वतः कोणत्या आवडी आणि पूर्वज्ञान घेऊन आला आहे, तो कोणासोबत आला आहे, आणि ती जागा त्याला कशी वागवते. आता तुमची सातवीची मुले आठवा. रांगेत चालत, ‘पुढे चला’ अशी सूचना ऐकत, डोळ्यांच्या उंचीपेक्षा वर लावलेली पाटी वाचायला सांगितलेल्या मुलांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी बिघडलेल्या असतात; मुले उदासीन आहेत असा निष्कर्ष काढणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

दुसरे उदाहरण अजब बंगल्यातीलच घेऊ. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे ४२४ तांब्याची अवजारे आणि १०२ चांदीचे पत्रे असा साठा एकत्र सापडला. त्याची विभागणी वेगवेगळ्या संग्रहालयांत झाली आणि काही वस्तू नागपूरला आल्या. मार्गदर्शक सहसा ‘ही ताम्रपाषाण काळातील कुऱ्हाड’ एवढे सांगून पुढे जातो. फिलिप येनवाइन आणि अॅबिगेल हाउसन यांनी कलाकृतींसाठी विकसित केलेल्या पद्धतीत शिक्षक माहिती देण्याआधी तीन प्रश्न विचारतो : येथे काय चालले आहे, तुम्हाला असे कशावरून वाटते, आणि आणखी काय दिसते? यांतील पहिला प्रश्न चित्रासाठी योग्य, कुऱ्हाडीसाठी तो थोडा बदलावा लागतो. दुसरा मात्र जसाच्या तसा चालतो. मुलगा म्हणेल, ‘ही वापरलेली वाटत नाही.’ कशावरून? धारेवरून. मग इतकी अवजारे एकाच जागी कोणी आणि का ठेवली असतील? चांदीच्या काही पत्र्यांना बैलाच्या डोक्याचा आकार का दिला असेल? या प्रश्नांवर अभ्यासकांमध्येही चर्चा होते, आणि आपला प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला आहे हे कळल्यावर मुलगा त्या काचेच्या पेटीपाशी थांबतो. असा पाठ रचणे, तो घेणे आणि त्यातून मुलांना काय मिळाले हे तपासणे या तिन्हींचे शिक्षण तुम्हाला हवे आहे. कोणताही अभ्यासक्रम याच निकषावर पारखावा.

प्रयोगवही

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. नागपुरात १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे आणि तेथील शिक्षणाची परंपरा निराळी आहे : वस्तू काचेआड न ठेवता हाताळायला दिलेली असते. सुटीच्या दिवशी तेथे नुसते बसून कुटुंबांचे निरीक्षण करावे. मुले कोठे थांबतात, पालक मध्ये कधी बोलतात, पाटी कोण वाचते, याची नोंद ठेवावी. पाहुण्यांचे निरीक्षण हा या विषयाचा एक मुख्य भाग आहे आणि त्यासाठी पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही.

जुना रामटेककर

मी निवृत्त शिक्षक आहे. माझा आग्रह एवढाच की, अभ्यासासाठी कोठेही जा, परंतु प्रश्न येथून घेऊन जा. काटोल रस्त्यावरील जुनापाणीची शिळावर्तुळे (प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे), माहूरझरी आणि मनसरचे उत्खनन हे सर्व आपल्या मुलांच्या अंगणात आहे, तरी मुलांना ते ठाऊक नसते. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. तेथे येणारा माणूस श्रद्धेने येतो, हात जोडतो. त्याला ‘प्रेक्षक’ समजून तीन प्रश्न विचारणे पुरेसे नाही, हे माझे ठाम मत आहे. गोंड समाजाच्या वस्तू मांडलेल्या दालनात गोंड घरातील मूल उभे असेल तर तेथे शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, याचाही विचार झाला पाहिजे. लेस्टर किंवा लंडनच्या वर्गात हे प्रश्न मांडणारी विद्यार्थिनी नागपूरहून गेली तर त्या वर्गालाही त्याचा लाभ होईल.

पिंपळपान

सर्वांचे मनापासून आभार. सर, चिचोलीबद्दलचे आपले म्हणणे मी टिपून ठेवले आहे. आता खर्चाचा आणि नोकरीचा प्रश्न उरतो. शाळा सोडून दोन वर्षे जाणे मला कठीण आहे.

ताम्रपट

इंग्लंडमधील पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी साधारणतः एका वर्षाची असते. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. तुम्हाला परतायचेच आहे, तेव्हा ही अट अडचणीची नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. राज्यातच राहायचे असल्यास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदविका पाहावी. त्या संग्रहालयाचे स्वतंत्र बालसंग्रहालय २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्यांची फिरती संग्रहालय-बसही आहे, म्हणून शिक्षणाचे काम जवळून पाहायला मिळते.

नोकरीबाबत एक सावधगिरी बाळगावी. शासकीय पदांच्या जाहिरातींत पदवीचे नाव काटेकोरपणे मागितलेले असते, तेव्हा मागील काही जाहिराती काढून त्यांत ‘संग्रहालयशास्त्र’ हवे आहे की इतिहास-पुरातत्त्व, हे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. शाळा न सोडता करण्याजोगे काम हे : या वर्षीच्या सहलीसाठी एकच दालन आणि त्यातील तीन वस्तू निवडा, संग्रहालयाच्या अभिरक्षकांना (क्युरेटरना) लेखी परवानगी मागा, सहलीआधी वर्गात एक तास आणि नंतर एक तास ठेवा, आणि मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. प्रवेश-अर्जासोबतच्या निवेदनात ते प्रश्न आणि त्यांवरचे तुमचे विचार मांडता येतील. मसुदा तयार झाला की येथे टाका, मी वाचून कळवतो.

पिंपळपान

परवानगीचा अर्ज या आठवड्यात देते. पहिले दालन शिलालेखांचे घ्यायचे ठरवले आहे, कारण मुले तेथेच सर्वांत कमी थांबतात.

जुना रामटेककर

ब्राह्मी अक्षरे फळ्यावर लिहून दाखवायला कोणी हवे असेल तर मी शाळेत येईन. मुलांना आपले नाव ब्राह्मीत लिहिता आले की शिलालेखापाशी ती स्वतःहून आपल्या नावातील अक्षरे शोधू लागतात.