सायन्स फिक्शन कॅम्पेनसाठी सिस्टीम कुठली? माझं मत ट्रॅव्हलर, तुमचं सांगा

शाहूपुरी_जीएम

कोल्हापुरात टेबलटॉप रोलप्लेइंगचा (प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकत गोष्ट खेळायची) पाच खेळाडूंचा ग्रुप आहे. एकाआड एक रविवारी दुपारी तीन-साडेतीन तास बसायचं. दोघं शिरोली एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळं दर वेळी पाचही असतीलच असं नाही. कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, असं: जुनं मालवाहू अंतराळ जहाज, डोक्यावर कर्ज, सरहद्दीवरचे ग्रह. वर्षभर चालावं.

माझं म्हणणं, जीएमची (गोष्ट चालवणाऱ्याची) तयारी शून्य असेल त्या दिवशी नियम टेबलाला काय करायला लावतात, त्यावरून सिस्टीम, म्हणजे नियमांचा संच, निवडावी. म्हणून ट्रॅव्हलर. क्लासिक नियमांतला 200 टनी फ्री ट्रेडर बघा. किंमत 3 कोटी 70 लाख 80 हजार क्रेडिट. 240 नं भागलं की महिन्याचा हप्ता 1,54,500, आणि असे हप्ते 480, म्हणजे एकूण दुप्पट. जंपला (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडं उडी) एक आठवडा, बंदरावर एक आठवडा, म्हणजे महिन्यात दोन फेऱ्या. माल 82 टन, भाडं टनाला 1,000. दोन्ही फेऱ्या गच्च भरून गेल्या तर 1,64,000 हातात. हप्ता गेला की उरले 9,500. जंपचं इंधन जहाजाच्या 10 टक्के म्हणजे 20 टन, शुद्ध इंधन 500 क्रेडिट टनानं, दोन फेऱ्यांचे 20,000. इथंच तोटा, पगार आणि लाइफ सपोर्ट तर अजून धरलाच नाही.

म्हणजे नुसत्या सरळ भाड्यावर जहाज चालूच शकत नाही. प्रवासी घ्या, स्वतःच्या पैशानं मालाचा सट्टा खेळा, नाहीतर कुणाचं तरी नको ते पार्सल उचला. गोष्ट आपोआप चालू होते. मंगूस कंपनीच्या दुसऱ्या आवृत्तीत आकडे बदललेत, पण ओढाताण तीच.

गूळ_सौदा

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. ही ओढाताण टिकते कुठपर्यंत? सट्ट्यातली एक खेप चांगली लागली आणि ब्रोकर स्किलवाला फासा नीट पडला, की चार महिन्यांचे हप्ते खिशात. मग तुमचं इंजिन बंद. दुसरं, हा व्यापार एकच जण करतो. बाकीचे तोवर मोबाइल बघत बसतात.

स्टार्स विदाउट नंबर घ्या, 2017 ची रिव्हाइज्ड आवृत्ती. पीडीएफ फुकट आहे आणि अख्खं कॅम्पेन त्यावर चालतं. पैसे भरून मेका, ट्रान्सह्यूमन, हिरोइक पात्रं असली प्रकरणं मिळतात, तुम्हाला लागणार नाहीत.

खरी गोष्ट हजेरीची आहे. पायलटवाला शिफ्टला गेला तर? ट्रॅव्हलरमध्ये 2d6 वर (सहा बाजूंचे दोन फासे, बेरीज) 8 किंवा वर पाहिजेत आणि स्किल नसेल तर -3, म्हणजे 11 किंवा 12 च पडायला हवेत: 36 पैकी 3, 8 टक्के. स्टार्समध्ये तोच दंड -1, म्हणजे 9 पाहिजेत: 36 पैकी 10, 28 टक्के. आठ टक्क्यांवर कुणी जहाजाला हात लावणार नाही. अठ्ठावीसवर धाडस करतील.

आणि शून्य तयारीचं म्हणाल तर वर्ल्ड टॅग बघा. प्रत्येक ग्रहाला दोन टॅग, आणि प्रत्येक टॅगखाली शत्रू, मित्र, गुंतागुंत, वस्तू, जागा यांची तयार यादी. 'ट्रेड हब' आणि 'लोकल स्पेशालिटी' एकत्र आले की आपल्या मार्केट यार्डातला गुळाचा सौदाच डोळ्यांपुढं येतो: पिकवणारा एक, भाव ठरवणारा दुसरा, आणि बाहेरचा खरेदीदार दोघांना खेळवणारा. सेशन उभं करायला दहा मिनिटं पुरतात.

शाहूपुरी_जीएम

@गूळ_सौदा, 8 टक्के खरे, पण तो -3 फक्त कोऱ्या पात्राला. स्किलची लेव्हल 0 मिळाली की दंड संपतो आणि शक्यता 42 टक्क्यांवर जाते. मंगूसमध्ये पात्रं झाल्यावर ग्रुपनं मिळून एक स्किल पॅकेज घ्यायचं असतं, ते याचसाठी. लोक ही पायरी गाळतात आणि मग पायलट नाही, मेडिक नाही म्हणून ओरडतात. शिवाय कनेक्शन नियमानं दोन पात्रांनी एखादी घटना जोडून घेतली की दोघांना एकेक स्किल. हेही सोडू नका.

गैरहजेरीवर माझा उपाय: सेशन कायम जंपमध्ये संपवायचं. पुढल्या वेळी जो नाही तो इंजिनरूममध्ये दुरुस्तीला. व्यापार टेबलावर आणायचाच नाही, मधल्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर उरकायचा.

उद्यमनगर_टूलरूम

स्टार्सबद्दल एक इशारा भावांनो, तो कुणी देत नाही. पहिल्या लेव्हलला एक्स्पर्ट पात्राला 1d6 (सहा बाजूंचा एक फासा) हिटपॉइंट, म्हणजे जीव, आणि साधं सेमी-ऑटो पिस्तूल 1d6+1 नुकसान करतंय. एका गोळीत माणूस आडवा. ज्यांची सवय फँटसीतल्या मारामारीची, ते पहिल्याच गल्लीत मरतात आणि मग सिस्टीमला नावं ठेवतात. वॉरियरला लेव्हलमागं दोन हिटपॉइंट जास्त असतात आणि सीनला एकदा लागलेला वार चुकवता येतोय किंवा हुकलेला वार लावता येतोय. म्हणून टीममध्ये एक तरी वॉरियर घ्याच. आणि जीएमनं शत्रूला शरण येऊ द्यावं, पळू द्यावं. नाहीतर महिन्याला नवी कॅरेक्टर शीट लिहीत बसाल.

फॅक्शन टर्नला पण लोक भुलतात. फोर्स, कनिंग, वेल्थ अशा तीन रेटिंगवर प्रत्येक गट आपली चाल खेळतो, छान आहे. पण उत्साहात आठ-दहा गट केले की जीएम घरात एकटाच तासभर फासे टाकत बसतो आणि खेळाडूंना त्यातलं काही कळतसुद्धा नाही. तीन गट बास. प्रत्येक चालीनंतर एक ओळीची बातमी ग्रुपवर टाकायची, तरच त्याचा उपयोग.

रंकाळा_नाइट

दोघंही महत्त्वाचं सोडताय. साडेतीन तासांतला निम्मा वेळ "दार कुठनं फोडायचं" या चर्चेत जातो. ट्रॅव्हलर आणि स्टार्स, दोन्ही यावर गप्प आहेत. कर्ज, तस्करी, जुनं जहाज हीच कल्पना असेल तर स्कम अँड व्हिलनी बघा. प्लॅनचा प्रकार आणि एक तपशील ठरवायचा, एंगेजमेंट रोल (सुरुवात कशी होते ते ठरवणारा फासा) टाकायचा, थेट कामात. विसरलेली तयारी फ्लॅशबॅकनं (आधीच केली होती असं दाखवून), बदल्यात स्ट्रेसचे गुण घेऊन भरायची.

शाहूपुरी_जीएम

@रंकाळा_नाइट, ते वाचलंय आणि भीती वाटते ती फाशांचीच. दोन फासे टाकून सर्वात मोठा धरायचा: 4 किंवा वर पडण्याची शक्यता 75 टक्के, पण निखळ यशाला 6 लागतो, ते फक्त 31. मधले 44 टक्के "यश, पण काहीतरी बिघडलं". जवळजवळ दर दुसऱ्या फाशाला मी नवं विघ्न शोधायचं? तिसऱ्या तासाला डोकं रिकामं होतं आणि विघ्नं तीच ती यायला लागतात.

रंकाळा_नाइट

नवं विघ्न शोधायचंच नसतं तिथं. सेशनच्या सुरुवातीला तीन क्लॉक (खण पाडलेली वर्तुळं) कागदावर काढा: गस्त सावध होतेय 6 खण, माल खराब होतोय 4, गिऱ्हाईक संतापतंय 8. 4-5 पडला की एखादा खण भरा आणि पुढं चला. हे न करणारा जीएम थकतो.

गूळ_सौदा

क्लॉक चांगले आहेत, पण ते स्टार्समध्येही काढता येतात, कागदाला सिस्टीम लागत नाही. वर्षभर चालवायचं तर खेळाडूला आपण वाढतोय असं दिसलं पाहिजे, आणि लेव्हल त्यासाठीच असते. ट्रॅव्हलरमध्ये स्किल वाढवायला आठवडेच्या आठवडे अभ्यास करून वर EDU (शिक्षण) चा फासा. सहा महिन्यांनी शीट जवळजवळ तशीच.

शाहूपुरी_जीएम

शीट तशीच राहील, जहाज राहणार नाही. वाढ जहाजात, ओळखीत आणि फिटलेल्या हप्त्यांत दिसते. लेव्हलची सवय असलेल्यांना ते आधी स्पष्ट सांगावं लागतं, एवढं मान्य.

उद्यमनगर_टूलरूम

मग ठरवायच्या आधी असं करा. ट्रॅव्हलरच्या नियमांनी नुसती पात्रं बनवा, एका दुपारचं काम आहे. चार-चार वर्षांच्या टर्म, चौथ्या टर्मपासून वयाचा फासा. पात्राचा भूतकाळ बनताना सगळे एकमेकांच्या फाशावर झुकून बघायला लागले, तर तुमचा ग्रुप ट्रॅव्हलरचा. "आता माझा काय बोनस?" एवढंच विचारत असतील तर स्टार्स. फाशांची अडचण ट्रॅव्हलरला नाही, दोन साधे फासे कुठंही मिळतात. स्टार्सला वीस बाजूंचा लागतो, तो ऑनलाइन मागवायला आठवडाभर धरा. आणि झेरॉक्सवाल्याकडं अख्खी पीडीएफ नेऊ नका: स्किल, शस्त्रं, जहाजाची लढाई, टॅगची पानं, एवढीच काढून स्पायरल करा.