कुत्रं म्हातारं, आपणही म्हातारे : फिरणं कसं बदललं? अनुभव सांगा

माझं वय 64, आमच्या लॅब्रॅडॉरचं 11. आधी संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागनं गोगाबाबा टेकडी रोज चढायचो. आता त्याची कंबर धरते अन माझा डावा गुडघा, मग पायथ्याला चक्कर मारून वापस. पण साहेबांना अजून वरच जायचं असतं, गाडीतनं उतरलं की टेकडीकडंच ओढतंय. तुमच्याकडं कसंय, लिहा.

धाराशिव
आमची गावरान, शेतातलीच. वय कुणालाच माहीत नाही पण धाकटी शाळेत होती तेव्हा आली, आता धाकटीला दोन लेकरं. कान पार गेलेत. हाक मारून उपयोग नाही म्हणून जोरात पाय आपटायचा, जमिनीतनं तिला बरोबर कळतं अन वळून बघते. मलाही मशीन लागलंय कानाला, त्यामुळं बांधावर आमच्या दोघींचं बोलणं म्हणजे नुसते हातवारे. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात मात्र नेत नाही, कुणीच नेऊ नका. नियम तर आहेच, शिवाय आपल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग कोल्ह्या-लांडग्यांना लागतो. बाहेर माळ काय कमी पडलाय का.

लातूर
कारवानी जातीचं कुत्रं आहे आमच्याकडं. आजोबाच्या काळात ही कुत्री सशासाठीच पाळायचे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद (म्हणजे व्हायला पाहिजे होतं, असो). आमचा कधी शिकारीला गेला नाही पण ससा उठला की बाण सुटल्यावानी सुटायचा, मी मागं बोंबलत, चप्पल एकीकडं मी एकीकडं. ह्या दिवाळीत तुरीतनं ससा उठला, ह्यानं कान उभे केले, दोन पावलं टाकली अन माझ्या तोंडाकडं बघत बसला. मला लई वाईट वाटलं अन खरं सांगायचं तर बरं पण वाटलं, आता माझ्यानंही पळणं होत नाही.

जालना
लंगडतंय म्हणून आपली आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका, पोटात अल्सर होतो, किडनी जाते. डॉक्टरला दाखवा. अन लंगडणं दरवेळी सांधेदुखीच असतं असं नाही, पावसाळा संपला की गवताचं कुसळ बोटांच्या मधात घुसून आत सरकत जातं. घरी आल्यावर पंजे, कान बघायचेच. चष्मा लावून बघा.

नांदेड
उन्हाळ्याचं कुणी लिहिलं नाही. एप्रिल-मे मध्ये आम्ही साडेपाचलाच गोदावरीच्या काठानं जाऊन सात वाजता घरात. सडक हाताच्या उलट्या बाजूनं तपासायची, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. डोळे निळसर झाले तर मोतीबिंदूच असेल असं समजून घाबरू नका, वयानं पण तसं होतं आणि त्यात दिसायला बऱ्यापैकी दिसतं. ह्याच्यानंतर पिल्लू आणावं का हा माझा प्रश्न आहे, मी 68, मुलगा पुण्यातनं फोनवर नकोच म्हणतोय.

बीड
ताई, मुलाचं बरोबरे. पिल्लू म्हणजे दहा-बारा वर्षाचा बाँड, आपल्यामागं कोण बघणार त्याला. मी गल्लीतलंच एक वयस्क आणलंय, नसबंदी झालेलं, रेबीजची सुई दिलेली. ओढत नाही, हुंदडत नाही, दोघंही दर शंभर पावलांवर बसतो.

नांदेड
वयस्क आणलं की दोन-तीन वर्षांत परत तेच रडणं. ते सोसायचं वय राहिलंय का आता, भाऊ?