मदत हवी आहे: सासूबाईंची मतदार नोंदणी अडकली आहे (जॉर्जिया)

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात असेल तर प्रशासकांनी कृपया हलवावा.

आम्ही अटलांटाच्या उपनगरात राहतो. सासूबाईंनी नुकतीच अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. वय पंचावन्नच्या पुढे आणि ग्रीनकार्डला 15 वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे इंग्रजीतून सूट मिळाली आणि नागरिकशास्त्राची परीक्षा त्यांनी दुभाष्याकरवी मराठीतून दिली. शपथविधीच्या हॉलबाहेर स्वयंसेवक मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन बसले होते, तिथेच फॉर्म भरला. आता काउंटीकडून (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडून) पत्र आलंय: तुमची माहिती सरकारी नोंदींशी जुळत नाही, नागरिकत्वाचा पुरावा द्या, तोवर अर्ज प्रलंबित.

माझ्या मते कारणं दोन. त्यांचा स्टेट आयडी ग्रीनकार्डच्या काळातला आहे, म्हणजे जुन्या नोंदीत त्या परदेशीच. दुसरं, आपल्याकडचा नेहमीचा घोळ. भारतीय पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि सासऱ्यांचं नाव एकाच रकान्यात, आडनाव वेगळं. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर सासऱ्यांचं नाव मधलं नाव झालं. स्टेट आयडीवर दोन्ही नावं जोडून एकच शब्द! नशीब, माहेरचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

प्रश्न असे:

1. पुरावा पोस्टाने पाठवायचा की हातात नेऊन द्यायचा? सर्टिफिकेटवर झेरॉक्सबद्दल ताकीद छापलेली आहे, ती वाचून नवरा घाबरलाय.

2. त्यांना इंग्रजी मतपत्रिका वाचता येणार नाही. मी आत सोबत गेले तर चालतं का?

3. त्यापेक्षा पोस्टाने मत दिलेलं सोपं का?

सासूबाई धास्तावल्यात. नागरिक नसताना नाव नोंदवलं तर हद्दपारीपर्यंत प्रकरण जातं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलंय. "जाऊ दे, एका मताने काय होणार" म्हणतात. कोल्हापुरात असताना त्यांनी ग्रामपंचायतीचंसुद्धा मतदान चुकवलं नव्हतं, म्हणून मलाच राहवत नाही.

आगाऊ धन्यवाद.

– शेवंती_एटीएल

---

खडीसाखर: ताई, घाबरू नका. सासूबाई नागरिक आहेत आणि कागद हातात आहे. जॉर्जियात 2019 च्या दुरुस्तीनंतर नुसतं स्पेलिंग जुळलं नाही म्हणून अर्ज अडवून ठेवत नाहीत. नाव यादीत जातं, आयडी तेवढा दाखवावा लागतो. नागरिकत्वाची शंका आली तर मात्र पुरावा मिळेपर्यंत अडकतं, तुमचं तेच झालंय. मूळ सर्टिफिकेट पोस्टात मुळीच टाकू नका. काउंटीच्या निवडणूक ऑफिसात दोघी जा, मूळ दाखवा, प्रत द्या, आणि नोंद झाल्याचं लेखी मागा. कायदेशीर कामासाठी झेरॉक्स काढायला हरकत नसते.

तिथून सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन नागरिक झाल्याची नोंद करा, मग स्टेट आयडी बदला. नाहीतर पुढच्या वेळी हेच पत्र पुन्हा येईल. मतदार म्हणून नाव नोंदवायची मुदत निवडणुकीआधीच्या पाचव्या सोमवारी संपते.

मी_बाबूराव: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, चालतं. मतदान हक्क कायद्यात 1982 साली कलम 208 आलं. अंध, अपंग किंवा लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो, फक्त तो मालकाचा किंवा युनियनचा माणूस नको. सून चालते. मदतनीस म्हणून तुमची सही घेतील. मत कुणाला द्यायचं ते मात्र सासूबाईंनीच ठरवायचं बरं का! :)

पोस्टाच्या भानगडीत पडू नका. जॉर्जियाच्या 2021 च्या कायद्याने तिथे आयडीचा नंबर लिहावा लागतो, आणि तुमचा आयडीच तर घोळात आहे. पोस्टाच्या मतपत्रिकेसाठीचा अर्ज निवडणुकीच्या 11 दिवस आधी पोचायला हवा, आणि भरलेली मतपत्रिका निवडणुकीच्या दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत. अर्ली व्होटिंगला (मुख्य दिवसाआधी केंद्रावर होणाऱ्या मतदानाला) जा. काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर जाता येतं आणि काही अडलं तर परत यायला वेळ असतो.

शेवंती_एटीएल: दोघांचेही मनापासून आभार. एक विचारू का? हे सगळं आमच्यासारख्यांच्याच वाट्याला येतं, की सगळ्यांच्या?

खडीसाखर: नियम सगळ्यांना सारखा, अडकतात ठरावीक लोक. 2018 मध्ये इथे 53,000 अर्ज प्रलंबित होते. एका वृत्तसंस्थेच्या पाहणीत त्यातले जवळपास 70 टक्के कृष्णवर्णीयांचे निघाले, राज्यात ते एक तृतीयांशाच्या आसपास असताना. नोंदणी ज्यांच्या खात्यात, ते ब्रायन केम्प स्वतःच गव्हर्नरपदाचे उमेदवार, आणि स्टेसी एब्रम्स यांच्याविरुद्ध सुमारे 55,000 मतांनी जिंकले. त्या निवडणुकीच्या तोंडावर कोर्टाने सांगितलं की नव्या नागरिकांना केंद्रावर पुरावा दाखवून मत देऊ द्या.

याच्याही मागे जा. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने जॉर्जियाला निवडणुकीचा नियम बदलण्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागायची. अर्जातली माहिती सरकारी नोंदींशी जुळवून पाहण्याच्या याच पद्धतीला 2009 मध्ये न्याय विभागाने नकार दिला, सुधारून आणल्यावर 2010 मध्ये होकार मिळाला. जून 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी ती परवानगी कुणाला लागते हे ठरवणारं सूत्रच रद्दबातल केलं. आता आधी नियम येतो, मग कोर्टकचेरी.

तटस्थ_निरीक्षक: चित्र एकतर्फी नको. त्या 53,000 मधल्या बहुतेकांना फोटो आयडी दाखवून मत देता येत होतं, त्यामुळे तो आकडा आणि मतांचा फरक शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. 2021 च्या कायद्यावर एवढी ओरड झाली, तरी 2022 मध्ये अर्ली व्होटिंगने मध्यावधी (राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षातल्या) निवडणुकांचा विक्रम केला. भारतात आपण ओळखपत्र दाखवतोच ना?

मी_बाबूराव: दाखवतो, पण मतदार ओळखपत्र सरकार करून देतं आणि यादीसाठी बीएलओ (मतदान केंद्राचा सरकारी कर्मचारी) घरी येतो. इथे नोंदी सरकारच्याच दोन खात्यांत जुळत नाहीत आणि त्या निस्तरायच्या सासूबाईंनी. रांगा फारच लांबल्या असत्या तर विक्रम झाला नसता हे मान्य, पण रांगेत कोण किती वेळ उभं राहिलं हे विक्रमात दिसत नाही. असो, धागा भरकटेल.

खडीसाखर: शेवंतीताई, एक राहिलंच. अमेरिकन पासपोर्टचा अर्ज काउंटीचं काम उरकल्याशिवाय करू नका. त्यासोबत मूळ सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि ते परत यायला वेळ लागतो.

शेवंती_एटीएल: बरं झालं सांगितलंत, पासपोर्टचा फॉर्म भरून टेबलावरच ठेवलाय. सोमवारी रजा टाकते आणि आधी काउंटीत जाते. सासूबाई विचारतायत, मराठीतली नमुना मतपत्रिका कुणी करून ठेवली आहे का? कुणाकडे असेल तर प्लीज इथेच टाका.