मेटनरची गाणी मागे पडली ती दुर्दैवाने, की स्वतःच्याच वजनाने?

मंद्रसप्तक :
मॉस्कोत जन्मलेल्या संगीतकार निकोलाय मेटनरने (१८८०–१९५१) पुश्किन, त्युत्चेव्ह, फेत हे रशियन कवी आणि जर्मन कवी गटे यांच्या कवितांवर आवाज व पियानोसाठी शंभराहून अधिक गाणी रचली. तरीही रशियन गीतांच्या मैफलीत त्याचा समकालीन संगीतकार रखमानिनोव्ह याच्यानंतर त्याचे नाव क्वचितच निघते. १९२१ साली देश सोडल्यावर तो मायदेशाला परका झाला आणि पश्चिमेला जुनाट वाटला, हेच याचे कारण आहे असे माझे मत आहे. अखेरच्या वर्षांत म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांसाठी पैसा पुरवला, हे आपल्याकडेही फारसे कोणाला ठाऊक नसते.

शुष्ककाष्ठ :
असहमत. देश रखमानिनोव्हनेही सोडला होता. भाषेची सबबही चालणार नाही, कारण गटेची गाणी मूळ जर्मनमध्येच आहेत. १९५९ ते १९६३ या काळात मॉस्कोत मेटनरच्या समग्र रचना छापून निघाल्या; म्हणजे स्वरलिपी हाताशी असूनही गायक तिकडे फिरकले नाहीत. खरी अडचण अशी की तो हाडाचा पियानोवादक होता आणि त्याची साथ इतकी दाट आहे की गायकाला तिच्यातून वाट काढावी लागते.

मंद्रसप्तक :
छापील आवृत्तीचा मुद्दा मान्य. परंतु शूबर्टच्या 'एर्लक्योनिग' या रात्रीच्या घोडेस्वारीवरच्या प्रसिद्ध जर्मन गीतातली पियानोची घोडदौड काय सोपी आहे? मेटनरच्या 'सोनाटा-व्होकालीज'मध्ये तर छोट्या आरंभगीतानंतर शब्दच नाहीत; आवाज पियानोच्या बरोबरीने सोनाटाचा, म्हणजे एरवी वाद्यांसाठी असलेल्या दीर्घ रचनाप्रकाराचा, विस्तार करतो. आलापी ऐकत वाढलेल्या कानांना हे अवघड वाटू नये.

शुष्ककाष्ठ :
आलापीत साथीदार गायकामागून जातो, इथे दोघेही पुढे धावतात. शिवाय शूबर्टची दौड एका प्रसंगाची आहे. मेटनर प्रत्येक कडव्याखाली नवा पट विणतो.

पूर्वरंग :
१९५० साली गायिका एलिझाबेथ श्वार्झकोफ यांनी खुद्द मेटनरच्या साथीने ध्वनिमुद्रित केलेली गाणी ऐकली, तर आवाज कुठेही बुडत नाही. अर्थात तो तोल मायक्रोफोनने साधलेला असू शकतो, त्यामुळे सभागृहात काय होईल याचा तो पुरावा नव्हे.

शुष्ककाष्ठ :
तेवढ्यापुरती माघार घेतो. सहाव्या ओपसमधली (म्हणजे त्याच्या सहाव्या क्रमांकाच्या रचनासंचातली) गटेची नऊ गाणी मीही मैफलीत ऐकायला तयार आहे. बाकीची मात्र पियानोवाल्यांनी घरीच वाजवावीत.